वेष्टनाची जबाबदारी उत्पादकाची, तर उरलेल्या गोण्या ग्रामपंचायतीच्या शेडमध्ये का?

खाडीकाठ यांचा प्रश्न

नमस्कार. मी रत्नागिरी जिल्ह्यातील खाडीकाठच्या एका ग्रामपंचायतीचा सदस्य असून गेले दीड वर्ष गावाच्या सुक्या कचऱ्याचे काम माझ्याकडे आहे. आठवड्यातून एकदा गाडी वाड्यांमधून फिरते आणि दोन महिला शेडमध्ये वर्गीकरण करतात. पाण्याच्या बाटल्या, पुठ्ठा, दुधाच्या पिशव्या आणि पत्र्याचे डबे भंगारवाला घेऊन जातो, त्यांचा पैसाही वेळेवर देतो. अडचण उरलेल्या मालाची आहे. बिस्किटांची व वेफर्सची पाकिटे, शॅम्पूच्या आणि कपडे धुण्याच्या पावडरीच्या पुड्या, मसाल्यांची चंदेरी वेष्टने यांना हात लावायला कोणी तयार नाही. अर्धी शेड या गोण्यांनी भरली आहे. सिमेंटच्या भट्टीत हा माल जाळण्यासाठी घेतात असे समजल्यावर मी वाहतुकीची चौकशी केली, तेव्हा एका खेपेचे भाडे आमच्या तीन महिन्यांच्या भंगारविक्रीपेक्षा जास्त निघाले.

मी नियम वाचले आहेत. प्लास्टिक कचरा व्यवस्थापनाच्या 2016 च्या नियमांत वापरलेले वेष्टन गोळा करण्याची मूळ जबाबदारी उत्पादक, आयातदार आणि ब्रँडमालक यांच्यावर टाकलेली आहे. 16 फेब्रुवारी 2022 च्या मार्गदर्शक तत्त्वांत त्यासाठी उद्दिष्टेही ठरवून दिली: 2021-22 साठी 25 टक्के, 2022-23 साठी 70 टक्के आणि 2023-24 पासून पूर्ण 100 टक्के. म्हणजे कागदावर पाहिले तर बाजारात येणाऱ्या प्रत्येक किलो प्लास्टिक वेष्टनाचा कोणीतरी वाली आहे.

मग माझ्या शेडमधील गोण्या नेमक्या कोणाच्या खात्यावर आहेत? कंपन्यांनी आपली जबाबदारी पूर्ण केल्याचे दाखवले असेल, तर ही पाकिटे त्या हिशेबात धरली गेली आहेत की नाहीत? त्यांनी ती पूर्ण केली नसेल, तर ग्रामपंचायत त्यांच्याकडे खर्च मागू शकते का, आणि तो कोणत्या मार्गाने? आणखी एक गोष्ट मला सतत खटकते. गोळा करण्याची आणि पुनर्प्रक्रियेची टक्केवारी नियमांत आहे, परंतु वेष्टन मुळातच कमी करा असे उत्पादकाला बांधून घालणारे कलम मला कुठे सापडले नाही. माझे वाचन अपुरे असल्यास कृपया दुरुस्त करावे.

हिशेबनीस यांचे उत्तर

आपले वाचन बरोबर आहे. मी अनेक वर्षे एका खाद्यपदार्थ कंपनीत पर्यावरणविषयक अनुपालनाचे काम पाहिले, त्यामुळे या हिशेबाची दुसरी बाजू मला जवळून माहीत आहे.

कंपनी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर नोंदणी करते. मागील दोन आर्थिक वर्षांत तिने बाजारात आणलेल्या प्लास्टिक वेष्टनाच्या वजनाची सरासरी काढली जाते, तीत थोडी भर-वजावट होते आणि त्यावरून त्या वर्षीचे दायित्व ठरते. हे दायित्व प्रमाणपत्रांनी फेडायचे असते. प्रमाणपत्र तयार करण्याचा अधिकार फक्त नोंदणीकृत प्रक्रियादाराला, म्हणजे प्लास्टिकवर पुनर्प्रक्रिया करणारा कारखाना, सिमेंटची भट्टी, कचऱ्यापासून वीज किंवा तेल काढणारा प्रकल्प यांना आहे. कंपनीने अमुक टन वजनाची प्रमाणपत्रे विकत घेतली की तिचे दायित्व फिटले. ज्या प्लास्टिकवर प्रक्रिया झाली ते तिचेच होते का, ते रत्नागिरीतून आले की पानिपतमधून, हे या हिशेबात विचारले जात नाही. वेष्टनाचा वर्ग आणि वजन एवढेच जुळावे लागते.

त्यामुळे आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर कटू आहे. आपल्या गोण्या कोणाच्याच खात्यावर नाहीत. त्या नोंदणीकृत प्रक्रियादाराच्या काट्यावर चढत नाहीत तोपर्यंत या व्यवस्थेच्या दृष्टीने त्या अस्तित्वातच नाहीत. कंपनीने मात्र त्याच वर्गाचे तितकेच वजन एखाद्या मोठ्या शहराजवळून, जिथे माल एकगठ्ठा आणि स्वस्त मिळतो, भरून काढलेले असू शकते आणि ते नियमाला धरूनच असते.

एखाद्या कंपनीने दायित्व पूर्ण केले नाही तर तिच्याकडून पर्यावरणीय भरपाई घेतली जाते, तरीही राहिलेले दायित्व माफ होत नाही, ते पुढे ओढले जाते. पहिल्या वर्षात ते पूर्ण केल्यास भरपाईचे 75 टक्के, दुसऱ्या वर्षात 60 टक्के आणि तिसऱ्या वर्षात 40 टक्के परत मिळतात. ही तरतूद विचारपूर्वक केलेली आहे असे माझे मत आहे. दुबळेपणा आहे तो प्रमाणपत्राच्या खरेपणात. 2023 मध्ये केंद्रीय मंडळाच्याच तपासणीत काही मोजक्या प्रक्रियादारांनी मिळून सुमारे 6 लाख बनावट प्रमाणपत्रे तयार केल्याचे उघड झाले. न झालेल्या कामाचे कागद विकले गेले की खऱ्या कामाचा भाव पडतो, आणि त्याची झळ अखेर आपल्यासारख्या शेडपर्यंत पोहोचते, कारण दूरच्या गावातून माल आणण्याची गरजच कोणाला उरत नाही.

वेष्टन कमी करण्याबद्दल आपण जे लिहिले आहे त्यात एक भर घालतो. 2016 च्या मूळ नियमांत, ज्यावर पुनर्प्रक्रिया होऊ शकत नाही असे बहुस्तरीय प्लास्टिक दोन वर्षांत टप्प्याटप्प्याने बंद करावे, असे स्पष्ट लिहिले होते. ती मुदत संपत आली असताना मार्च 2018 च्या दुरुस्तीने त्या वाक्यात दोन जोड दिले. ज्यावर पुनर्प्रक्रिया होत नाही, ज्यापासून ऊर्जाही मिळत नाही आणि ज्याचा अन्य काही उपयोगही नाही, तेच प्लास्टिक बंद करायचे असे ठरले. जळणारी कोणतीही वस्तू ऊर्जा देते. त्यामुळे बंद करण्यासारखे वेष्टन व्यवहारात उरलेच नाही. मी त्या काळात कंपनीच्या बाजूने बैठकांना बसत होतो. ती दुरुस्ती निघाल्यावर पर्यायी वेष्टनाच्या शोधावर होणारा आमचा खर्च थांबला. कायद्यातील एका ओळीने कारखान्यातील निर्णय कसा बदलतो, हे मी तेव्हा स्वतः पाहिले आणि आजही ते मनाला लागून आहे.

2022 च्या तत्त्वांत कपात नाही, तरी तिच्या जवळ जाणाऱ्या दोन गोष्टी आहेत. कडक प्लास्टिकच्या डब्या-बाटल्यांत 2025-26 पासून किमान 30 टक्के पुनर्प्रक्रिया केलेले प्लास्टिक वापरायचे आणि ते प्रमाण 2028-29 पर्यंत 60 टक्क्यांवर न्यायचे, ही एक. मोठ्या कडक वेष्टनांचा काही हिस्सा पुन्हा वापरायचा, ही दुसरी. आपल्या गोण्यांतील बहुस्तरीय पाकिटांसाठी मात्र पुनर्प्रक्रियित प्लास्टिकची अट 5 टक्क्यांपासून सुरू होऊन 10 टक्क्यांवर थांबते, आणि पुनर्वापराची अट त्यांना लागूच नाही.

सुका कचरा, पुणे यांचे उत्तर

मी पुण्यात कचरावेचकांसोबत काम करते. वरील माहिती अचूक आहे, परंतु तीत एक माणूस राहून गेला आहे, तो म्हणजे पाकीट वाकून उचलणारा.

पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत 1993 मध्ये स्थापन झाली आणि 2008 मध्ये तिच्यातूनच कचरावेचकांची ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था उभी राहिली. घरोघरी जाऊन कचरा घेणाऱ्या सदस्यांना नागरिकांकडून मासिक शुल्क मिळते आणि भंगाराच्या विक्रीतून उरलेली कमाई होते. याचा अर्थ असा की, ज्या वस्तूला भाव आहे ती बाई घरी नेते, विकते आणि तिच्या श्रमाचे काहीतरी हाती लागते. ज्या वस्तूला भाव नाही ती उचलताना, वेगळी करताना आणि वाहताना तिचे श्रम फुकट जातात. शॅम्पूची एक पुडी साधारण ग्रॅमभर वजनाची धरली तरी एक किलो भरायला हजार पुड्या गोळा कराव्या लागतात. हजार वेळा वाकल्यावर हाती शून्य येत असेल तर ती पुडी गटारातच राहणार. यात त्या बाईचा दोष नाही. ती पुडी किती वजनाची आणि कशाची करायची हे ज्याने ठरवले, त्याने तिचे मोलही आधीच ठरवून टाकलेले असते.

काही प्रकल्पांत बहुस्तरीय पाकिटांना किलोमागे वेगळे पैसे दिले गेले, तेव्हा तीच पाकिटे गोळा होऊ लागली. त्यासाठी फार मोठे तंत्रज्ञान लागले नाही. दर जाहीर होता आणि वजन करून पैसे हातात पडत होते. प्रकल्प संपला की दर संपला आणि पाकिटे पुन्हा मिश्र कचऱ्यात गेली. म्हणून माझा आग्रह असा आहे की, प्रमाणपत्राच्या किमतीतील ठरावीक हिस्सा गोळा करणाऱ्याला मिळालाच पाहिजे असे नियमात लिहिले जावे. आज प्रमाणपत्र प्रक्रियादाराच्या नावावर निघते, पैसा कंपनीकडून प्रक्रियादाराकडे जातो, आणि त्यानंतर तो खाली किती झिरपेल हे बाजारावर सोडलेले आहे.

खर्च मागण्याबाबत आपल्याला एक आधार सांगते. घनकचरा व्यवस्थापनाच्या 2016 च्या नियमांतील नियम 17 मध्ये, पत्रा, काच, प्लास्टिक यांसारख्या टाकाऊ होणाऱ्या वेष्टनांच्या उत्पादकांनी स्थानिक संस्थांना व्यवस्था उभारण्यासाठी आवश्यक ते अर्थसाहाय्य द्यावे असे लिहिलेले होते. दुर्दैवाने त्यात रक्कम नव्हती, मुदत नव्हती, न दिल्यास काय याचा उल्लेख नव्हता. शिवाय ते नियम मुख्यतः शहरांसाठी होते. तरीही नियमांत जे आले ते आपोआप आले नाही, हे लक्षात ठेवावे. 2013 मध्ये आमच्या सदस्यांनी उघड्या हातांनी वेगळे करावे लागणारे वापरलेले सॅनिटरी नॅपकिन पिशव्यांत भरून उत्पादक कंपन्यांना परत पाठवले होते. त्याच नियम 17 मध्ये नॅपकिनसोबत टाकण्यासाठी पिशवी किंवा वेष्टन द्यावे ही उत्पादकावरची अट तीन वर्षांनी आली. आपल्या गोण्यांवर कोणती नावे छापलेली आहेत ते मोजून लिहून ठेवा, एवढेच मी आज सुचवेन.

दोडामार्गचा दुकानदार यांचे उत्तर

मी सिंधुदुर्गात किराणा दुकान चालवतो. चर्चेत दुकानदाराची बाजू यावी म्हणून लिहितो. माझ्याकडे मजुरीचे पैसे संध्याकाळी हातात घेऊन येणारी गिऱ्हाइके आहेत. त्यांना एका दिवसाची चहा पावडर, एका दिवसाचा साबण आणि दोन रुपयांची शॅम्पूची पुडी हवी असते. पुडी उद्या बंद केली तर ते मोठी बाटली घेणार नाहीत, त्यांच्या खिशात तेवढे पैसेच नसतात. सुटा माल विकायला माझी ना नाही. माझे वडील पत्र्याच्या डब्यातून तेल मापून देत असत. परंतु अन्नसुरक्षेच्या 2011 च्या नियमांनी खाद्यतेल सुटे विकण्यास बंदी आहे, आणि भेसळीचा इतिहास पाहता ती उगाच घातलेली नाही. तेव्हा पाकिटातल्या मालाला आम्हालाच जबाबदार धरू नये.

रिकामे वेष्टन परत यावे म्हणून अनामत घेण्याबाबतही एक अडचण आहे. महाराष्ट्राने मार्च 2018 मध्ये प्लास्टिकबंदी केली तेव्हा दुधाच्या पिशवीमागे 50 पैसे अनामत घेऊन पिशवी परत घेण्याची अट होती. ती रुळली नाही. रिकाम्या पिशव्या दुकानात कोठे ठेवायच्या, त्यांना येणाऱ्या वासाचे काय आणि त्या मोजण्याचा मोबदला कोण देणार, हे कोणी ठरवलेच नव्हते. शीतपेयांच्या काचेच्या बाटल्या आम्ही वर्षानुवर्षे परत घेतल्या, कारण क्रेट घेऊन येणारी गाडीच रिकामा क्रेट परत नेत असे. शेजारच्या गोव्याने 2024 मध्ये वेष्टनांसाठी अनामत-परतावा योजना अधिसूचित केली आहे. आमच्या भागात लोक सकाळी गोव्यात कामाला जातात आणि रात्री परत येतात, त्यामुळे एका राज्यात अनामत आणि दुसऱ्यात काही नाही, असे झाले तर बाटल्यांचा हिशेब सीमेवरच चुकेल. दोन्ही राज्यांनी एकत्र बसून हे ठरवावे असे मला वाटते.

जर्मनीवासी यांचे उत्तर

मी बारा वर्षे जर्मनीत राहतो. उत्पादकाची जबाबदारी प्रथम इथे मोठ्या प्रमाणावर कायद्यात आली, 1991 मध्ये, क्लाउस ट्योपफर पर्यावरणमंत्री असताना. त्या अध्यादेशाने उद्योगांना दोन वाटा दिल्या. दुकानातच वेष्टन परत घ्या, किंवा सर्वांनी मिळून घरोघरी गोळा करणारी समांतर यंत्रणा स्वतःच्या पैशाने उभी करा. उद्योगांनी दुसरी वाट धरली. पाकिटावर हिरवा ठिपका, म्हणजे त्या यंत्रणेची खूण, छापण्यासाठी यंत्रणेला शुल्क द्यावे लागे आणि ते वेष्टनाच्या पदार्थावर व वजनावर ठरे. प्लास्टिकचा दर कागदापेक्षा आणि काचेपेक्षा बराच जास्त होता, त्यामुळे खोक्याच्या आत खोका आणि त्यावर प्लास्टिक अशी वेष्टने कंपन्यांनी स्वतःहून कमी केली. कचरा उचलण्याचा खर्च वस्तू बाजारात येण्याआधीच गोळा झाला की, तो खर्च वाचवण्याची बुद्धी आराखडा करणाऱ्याला आपोआप होते.

तरीही तेथील वाट सरळ नव्हती. 1993 मध्ये ही यंत्रणा बुडण्याच्या बेतात आली, कारण अनेक कंपन्या ठिपका छापत होत्या आणि शुल्क भरत नव्हत्या किंवा कमी भरत होत्या. गोळा झालेले बरेच प्लास्टिक परदेशी पाठवले गेल्यामुळे मोठा गदारोळ झाला. फुकट्यांचा हा प्रश्न पुढेही पूर्ण सुटला नाही, आणि अखेर 2019 च्या नव्या कायद्याने सर्वांना पाहता येईल अशी सार्वजनिक नोंदवही उघडली. कोणता विक्रेता नोंदलेला आहे हे तीत कोणीही शोधू शकतो, आणि नोंद नसलेल्याला माल विकता येत नाही. हिशेबनीस यांनी सांगितलेली बनावट प्रमाणपत्रे वाचून मला हेच आठवले.

बाटल्यांसाठी 2003 पासून 25 सेंट अनामत आहे आणि दुकानातील यंत्रात बाटली घातली की ती परत मिळते. बाटल्या परत येण्याचे प्रमाण 95 टक्क्यांहून अधिक आहे. एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी. अनामत सुरू झाली तेव्हा एकदाच वापरायच्या बाटल्या कमी होतील अशी अपेक्षा होती. बाटल्या परत येऊ लागल्या, पण पुन्हा भरल्या जाणाऱ्या बाटल्यांचा वाटा त्यानंतर घटतच गेला. गोळा होणे आणि कमी होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. युरोपीय संघाला हे उमगायला तीन दशके लागली. फेब्रुवारी 2025 मध्ये अमलात आलेल्या वेष्टनविषयक नव्या नियमांत प्रथमच कपातीचे बंधन आले. दरडोई वेष्टन कचरा 2018 च्या तुलनेत 2030 पर्यंत 5 टक्के, 2035 पर्यंत 10 टक्के आणि 2040 पर्यंत 15 टक्के कमी करायचा आहे. हे आकडे लहान वाटतील, परंतु ते टनांच्या प्रमाणपत्राने विकत घेता येत नाहीत.

खाडीकाठ यांचा प्रतिसाद

सर्वांचा मनापासून आभारी आहे. आता माझ्यासमोर चित्र स्पष्ट झाले आहे. एकट्या ग्रामपंचायतीकडे ना वजन आहे, ना प्रक्रियादाराशी नाते. स्वच्छ भारत मिशन (ग्रामीण) च्या दुसऱ्या टप्प्यात प्रत्येक तालुक्याला प्लास्टिक प्रक्रिया केंद्रासाठी 16 लाख रुपयांपर्यंत तरतूद आहे. आमच्या तालुक्याच्या केंद्रात आसपासच्या गावांचा माल एकत्र करून गठ्ठे बांधले, तर निदान एक गाडी पूर्ण भरेल आणि नोंदणीकृत प्रक्रियादाराशी दर ठरवून बोलता येईल. त्या करारात प्रमाणपत्राच्या किमतीतील गावांचा हिस्सा लिहून घ्यावा असा ठराव मी पुढील ग्रामसभेत मांडणार आहे. वर्गीकरण करणाऱ्या दोघींना या पाकिटांसाठी किलोमागे वेगळा दर त्याच हिश्शातून द्यावा, असेही त्यात लिहीन.

दुकानदार बंधूंचे म्हणणे मला पटले. पुडी घेणाऱ्याला दोष देऊन काही साधणार नाही. पुडीचा खर्च पुडी करणाऱ्याच्या कारखान्यात मोजला गेला पाहिजे.

एक व्यावहारिक शंका उरते. तीन महिने आम्ही ब्रँडनिहाय वजन करायचे ठरवले आहे. ते करताना आणखी कशाची काळजी घ्यावी?

हिशेबनीस यांचे उत्तर

वर्ग वेगळे ठेवा, कारण प्रमाणपत्र वर्गानुसार निघते आणि एका वर्गाचे प्रमाणपत्र दुसऱ्या वर्गाच्या दायित्वाला चालत नाही. डबे-बाटल्या पहिल्या वर्गात. ज्यात सगळे थर प्लास्टिकचेच आहेत अशा पिशव्या आणि पुड्या दुसऱ्या वर्गात. प्लास्टिकसोबत कागद किंवा अॅल्युमिनियमचा थर आहे असे वेष्टन तिसऱ्या वर्गात, उदाहरणार्थ फळांच्या रसाची खोकी. चंदेरी पाकिटांचा निर्णय डोळ्यांनी करू नका, त्यांचा एक नमुना प्रक्रियादाराला आधी दाखवा. माल कोरडा असू द्या, ओल्या मालाचे वजन ते कापून घेतात. पावसाळ्यात आपल्या शेडच्या ज्या बाजूने पाणी येते तिकडे गोण्या ठेवू नका, आणि प्रत्येक खेपेची काट्याची पावती ग्रामपंचायतीच्या नावाने मागून घ्या.